पोटखराब जमिनीतले टेकोडे

पावसाच्या नक्षत्रांना लोकभाषेत ज्या कोणी नावे दिली, तो मोठा संसारी मनुष्य असला पाहिजे. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा! सासूंचा पाऊस ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो आणि महिनाअखेरीस आपला कारभार सुनांच्या हवाली करून निमूटपणे निघून जातो. घराघरांतून हा कारभार इतक्या बिनबोभाट हातांतरित होत नाही, ही गोष्ट निराळी. पण या दोन पावसांच्या सांध्यावर दोन-चार दिवस उघडीप पडावी, अंगाला चिकटणारा दमट उकाडा व्हावा आणि मग एखाद्या रात्री ढग गडगडून दणदणीत सर येऊन जावी. की दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या दुसरबीडच्या शेताच्या धुऱ्यावर टेकोडे उगवलेले असतात.

धुरा म्हणजे बांध, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. आणि टेकोडे म्हणजे काय, हे तर सांगायलाच हवे. कोकणातले लोक ज्याला अळंबी म्हणतात, गोव्यात ज्याला अळमी म्हणतात, चंद्रपूर-गोंदियाकडे ज्याच्या पावसाळ्यात सात्या होतात, त्याच गोतातले हे आमचे टेकोडे. वारुळाच्या मातीतून वर येणारे, पांढुरके, डोक्यावर टोकदार गोंडा मिरवणारे. माझे माहेर पुण्याचे. तिकडे 'कुत्र्याची छत्री' या एका नावाखाली हा सगळा वर्ग निकालात निघत असे. पुढे 'मश्रूम' नावाची पांढरी बटणे प्लॅस्टिकच्या डबीत घालून दुकानात आली, तेव्हा ती मात्र कुत्र्याची राहिली नाहीत. ती एकदम हॉटेलातल्या माणसांची झाली.

मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाताना सुलतानपूर, बिबी अशी गावे मागे टाकत गेले की दुसरबीड लागते. जिजाऊंचे जन्मगाव ज्या तालुक्यात, त्याच तालुक्यातले हे गाव. तिथे मी सून म्हणून आले, आणि पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंनी माझ्या ताटात एक काळसर लाल रस्सा वाढला. सासूबाईंना घरात सारेच जिजी म्हणतात. "काय आहे हे?" असे मी विचारले. "खाऊन पाह्य," एवढेच उत्तर आले. नव्या सुनेने सासूने वाढलेले खायचे असते, म्हणून मी खाल्ले. आणि मग भाकरीचा शेवटचा तुकडा वाटीत फिरवून वाटी पुसून घेतली. मातीला पहिल्या पावसात जो वास येतो, त्याला चव असती तर ती अशी लागली असती.

युरोपातल्या पुस्तकांतून वसंत ऋतूत टोपल्या घेऊन रानात अळंब्या वेचायला निघालेली कुटुंबे आपल्याला भेटतात. आपल्या हिमालयातही बर्फ वितळले की देवदारांच्या खाली गुच्छी शोधत माणसे हिंडतात. आमच्याकडे वसंतात रानात जावे ते पळस पाहायला. जमीन त्या वेळी अशी भेगाळलेली असते, की तिच्याकडे काही मागण्याची लाज वाटावी. आमचा हा उत्सव मेघाच्या कृपेचा. आणि त्याची दखल साक्षात कालिदासाने घेतली आहे, हे मी वर्गात 'मेघदूता'चा विषय निघाला की मुद्दाम सांगते. ज्याच्या गर्जनेने धरती शिलींध्रांनी भरून येते असा मेघ पूर्वमेघात आहे. यक्षाचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. तेव्हा ही शिलींध्रेही विदर्भाचीच मानायला आमची हरकत नाही. टीकाकार मल्लिनाथ मात्र शिलींध्र म्हणजे कंदली असा अर्थ देतो. मल्लिनाथाला टेकोड्यांचा रस्सा कोणी वाढला नसावा!

गडगडाटाने टेकोडे उगवतात, ही समजूत जिजींचीही आहे आणि पार ग्रीसमधल्या प्लुटार्कच्या काळीही ती प्रचलित होती. त्याने आपल्या भोजनप्रसंगीच्या संवादांत या प्रश्नावर चर्चाच घडवून आणली आहे. अलीकडे जपानमधल्या इवाते विद्यापीठात संशोधकांनी लाकडाच्या ओंडक्यांना कृत्रिम विजेचे झटके देऊन पाहिले, तेव्हा शिताके नावाच्या अळंब्यांचे पीक खरोखरच वाढले. कालिदास, प्लुटार्क, जपानी प्राध्यापक आणि जिजी यांचे एका मुद्द्यावर एकमत व्हावे, हा योग काही लहानसहान नव्हे.

शास्त्रकारांचे मत मात्र इतके अनुकूल नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांदा यांच्या पंगतीला कवकही बसवून द्विजांना ही सारी मंडळी निषिद्ध ठरवली आहेत. मनूने ज्यांना असे एका पंगतीत बसवून बाहेर काढले, ते तिघेही जिजींच्या कढईत लाल तिखट आणि भाजलेल्या खोबऱ्यासह गुण्यागोविंदाने नांदतात. श्रावणात आमच्या शेजारच्या घरी टेकोडे चालत नाहीत, कारण ते मटणासारखे लागतात. भाद्रपदात चालतात, आणि कारण तेच!

पण या विनोदाला एक काळी किनार आहे. रोमचा बादशहा क्लॉडियस इ. स. ५४ मध्ये मेला, तो अळंब्यांच्या पक्वान्नातून विष दिल्यामुळे, असे प्राचीन इतिहासकार सांगतात. आणि त्या विषामागे हात होता तो त्याच्या पत्नीचा, असेही सांगतात. बादशहाची गोष्ट सोडा. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे एखादे गरीब कुटुंब रानातल्या छत्र्या खाऊन रुग्णालयात गेल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. काही विषारी छत्र्या दुष्ट असल्या तरी सरळ असतात. गवतावर उगवणारी क्लोरोफायलम नावाची पांढरी, देखणी छत्री खाल्ली, तर काही तासांतच पोट ढवळून निघते. तिच्या खालचे पापुद्रे पक्व झाल्यावर हिरवट होतात. कोवळेपणी मात्र ती अगदी सोज्ज्वळ दिसते. अमॅनिटा कुळातल्या काही जाती याहून भयंकर. त्यांचे विष शिजवून जात नाही. खाल्ल्यावर सहा-सहा, बारा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबतात, माणसाला बरे वाटू लागते, घरचे लोक देवापुढे साखर ठेवतात. आणि नेमके त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते.

म्हणूनच लोकांनी शोधून काढलेल्या सगळ्या सोप्या कसोट्या खोट्या आहेत. भाजीत चांदीचा रुपया टाका, तो काळा पडला नाही तर भाजी चांगली. लसूण टाका, रंग बदलला नाही तर चांगली. किड्याने कुरतडलेली असेल तर चांगली. एकाने आधी खाऊन पाहावी, तासाभरात काही झाले नाही तर बाकीच्यांनी खावी. यांतल्या एकाही कसोटीवर प्राण टांगण्यात अर्थ नाही. किड्याचे यकृत निराळे असते आणि चांदीला यकृतच नसते.

मग जिजी कशावरून ओळखतात? हा प्रश्न मी त्यांना लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात विचारला. मी मराठीची प्राध्यापिका. शब्द दिसला की त्याची व्युत्पत्ती विचारायची ही आमची धंद्याची खोड. जिजी धुऱ्यावर उकिडव्या बसल्या होत्या. खुरप्याने एका टेकोड्याच्या भोवतालची माती त्या हलकेच मोकळी करीत होत्या. म्हणाल्या, "टेकोड्याचं तोंड नाही पाहायचं माय. त्याचं मूळ पाहायचं. अन् मुळाच्या आधी त्याची जागा पाहायची." मग डोळे मिचकावून पुढे म्हणाल्या, "सून करतानाही तसंच कराव लागते. पण तुह्या वक्ताले तुह्या सासऱ्याले लई घाई झाली होती!"

तेवढ्यात त्यांनी ते टेकोडे वर काढले. छत्री बोटभर, पण खाली देठ संपतच नव्हता. निमुळता होत होत तो चांगला हातभर मातीत गेला होता, थेट वारुळाच्या पोटात. "हे पाह्य. हे उधईच्या घरातून आलं," जिजी म्हणाल्या.

पुढे मी घरी परत आल्यावर पुस्तके चाळली, तेव्हा जिजींच्या त्या एका वाक्यात केवढे शास्त्र होते ते मला कळले. हे टेकोडे वाळवीच्या शेतातले पीक आहे. वाळवी गवत, काड्या, पाचोळा गोळा करून वारुळात नेते, तो चावून पचवून त्याचे मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र गोळे बनवते आणि त्यांच्यावर एक बुरशी वाढवते. लाकडातले जे कठीण, ते ही बुरशी मऊ करते. आणि ते मऊ झालेले अन्न, व बुरशीचे पांढरे दाणेही, वाळवी खाते. पावसाळ्यात हीच बुरशी मातीला भोक पाडून वर येते. डोक्यावरचा तो टोकदार गोंडा म्हणजे तिची पहार. रॉजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये या कुळाला टर्मिटोमायसिस असे नाव दिले. झांबियात याच कुळातली एक छत्री मीटरभर रुंद होते. माणसाने शेती सुरू केली त्याला दहा-बारा हजार वर्षे झाली; वाळवीच्या शेतीला सुमारे ३ कोटी वर्षे झाली आहेत. आणि एवढा प्रगत झालेला माणूस बटणे पिकवतो, धिंगरी पिकवतो, पण हे टेकोडे व्यापारी प्रमाणावर पिकवणे त्याला अजून साधलेले नाही. त्यासाठी वाळवीचेच पाय धरावे लागतात.

जिजी धुऱ्यावरचे सगळे टेकोडे कधी आणत नसत. पूर्ण उमललेले, छत्री सपाट झालेले राहू द्यायचे, असा त्यांचा दंडक. "ते बियाले राहू दे," असे म्हणत. याचेही कारण पुस्तकात सापडले. नवे वारूळ वसवणाऱ्या बहुतेक जातींच्या वाळवीला बुरशीचे बी बाहेरून गोळा करून आणावे लागते, आणि ते बी या उमललेल्या छत्र्यांतूनच उधळलेले असते. गोवा विद्यापीठातले नंदकुमार कामत यांनी गोव्यातल्या वारुळांवरच्या अळंब्यांचा असाच वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि त्या ओरबाडू नका म्हणून लोकांना कळकळीने सांगितले. जिजींनी कोणाला सांगितले नाही. त्यांनी नुसत्या मागे ठेवल्या.

एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे. मुळाची ही कसोटी जिजींच्या धुऱ्यावरची आहे. पन्नास-साठ पावसाळे एकाच जमिनीवर वाकून पाहिलेल्या डोळ्यांची ती आहे. ती वाचून कोणी दुसऱ्याच्या रानात टोपली घेऊन निघाले, तर जिजीच त्याला आधी परत पाठवतील. त्या स्वतः माहेरच्या गावी गेल्या, तर तिथले टेकोडे तिथल्या बाईने ओळखल्याशिवाय खात नसत. शंका आली की टाकायचे, आणि टाकताना हळहळायचे नाही, हे त्यांच्या विद्येचे दुसरे कलम होते.

आता या विद्येचे वतन धोक्यात आले आहे, आणि ते एका शब्दामुळे. आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर एक नोंद आहे: 'पोटखराब'. सरकारी भाषेत शेताच्या पोटातली, म्हणजे आतली, लागवडीला निकामी जमीन. आमच्या पोटखराबात एक हिवराचे झाड, थोडा खडक, बोरीची झुडपे आणि तीन वारुळे आहेत. ज्या जमिनीत आमच्या घरातले सर्वांत चविष्ट अन्न उगवते, तिला सरकारदप्तरी पोटखराब म्हणावे, यावर मी वर्गात हमखास हशा मिळवते. पण दुसरबीडला या शब्दाला कोणी हसत नाही. तिथे तो हिशेबाचा शब्द आहे. पोटखराबातली 'अ' वर्गाची जमीन सुधारून लागवडीखाली आणता येते, आणि आमचे भावजी गेली तीन वर्षे तेच म्हणत आहेत.

भावजींचे म्हणणे खोटे नाही. शेती ते करतात; आम्ही नोकरीवाले सुट्टीत जाऊन टेकोडे खातो. त्या झुडपांत रानडुकरे दडतात आणि रात्री सोयाबीन लोळवून टाकतात. ट्रॅक्टर वळवायला अडचण होते. "अन् वहिनी, तुम्ही उधईची वकिली करता?" ते मला म्हणाले, "ते उधई माह्यं पीक खाते, घराचा दरवाजा खाते!" यावर मी काय बोलणार? ३ कोटी वर्षांचा अनुभव, एवढ्या भांडवलावर वाळवीला पीककर्ज कोणी देत नाही. शेजारच्या शेतातला धुरा तीन वर्षांपूर्वी नांगरून गेला. तिथली वारुळे फुटली, आणि त्या बाजूला नंतर एकही टेकोडे उगवलेले नाही. पीक चार तास वाढले. त्या शेतकऱ्याच्या घरातही तीन मुले शिकायची आहेत.

जिजी या वादात एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना आता दिसत नाही. काचबिंदूने आधी कडेकडेचे नेले आणि मग मधलेही नेले. गेल्या वर्षी मघांच्या शेवटच्या दिवसांत आम्ही गेलो, तेव्हा रात्रभर गडगडाट झाला. पहाटे जिजी ओसरीवरून म्हणाल्या, "आज असतीन." मी आणि माझी सोळा वर्षांची मुलगी धुऱ्यावर गेलो. मुलीच्या मोबाईलमध्ये वनस्पती ओळखणारा एक सोय-सेवक आहे. तिने एकाच टेकोड्याचे वरून आणि खालून असे दोन फोटो काढले; त्याने दोन निरनिराळी नावे सांगितली, आणि दोन्ही मोठ्या आत्मविश्वासाने. तो मोबाईल तिने मुकाट्याने खिशात ठेवला. आम्ही टोपली भरली. हिवराजवळच्या गवतातून तिने आणखी काही पांढऱ्याशुभ्र, सुरेख छत्र्याही, आजीला विचारायच्या म्हणून, वेगळ्या रुमालात बांधून घेतल्या.

जिजींनी टोपली मांडीशी घेतली. एकेक टेकोडे उचलून अंगठ्याने त्याचा गोंडा चाचपला, देठावरून बोटे खाली खाली नेली, मुळाचे टोक चिमटीत धरले, मातीचा वास घेतला. शेवटी रुमालातली छत्री त्यांच्या हातात आली. बोटे देठावरून उतरली आणि थांबली. "याले मूळ नाही," त्या म्हणाल्या. "हे वरच्यावर उगोलं. टाक. अन् हात धू." मग त्यांनी नातीला जवळ बसवले. "डोये झाक," म्हणाल्या, आणि तिचा हात धरून तो एका टेकोड्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवला. पुन्हा दुसऱ्यावरून. पुन्हा तिसऱ्यावरून. डोळे मिटलेली नात आणि डोळे गेलेली आजी अशा कितीतरी वेळ बसल्या होत्या. मी चुलीकडे जाऊन कांदा चिरायला घेतला. चुलीजवळ डोळ्यांना पाणी येण्याला कोणी कारण विचारीत नाही.

त्या दुपारी भावजींनी तीन भाकरी खाल्ल्या. हात धुताना ते म्हणाले, "यंदा राहू द्या तो तुकडा. पुढच्या साली पाहू." हा काही विजय नव्हे, नुसती तारीख वाढवून मिळाली आहे. कोर्टकचेरीत वाढलेल्या तारखांवर पिढ्या निघून जातात, हे आपण जाणतो. तेव्हा तारखेलाही मी कमी लेखत नाही. यंदाही मघांपूर्वी मी फोन करून विचारले. भावजी म्हणाले, "आहे अजून. डुकरंही आहेत."

निघण्याआधी जिजींनी नातीला वारुळांच्या जागा तोंडी सांगितल्या. विहिरीच्या कठड्याला पाठ लावायची, हिवराकडे तोंड करायचे आणि ५२ पावले चालायची. तिथे थोरले वारूळ. माझी मुलगी मोजायला धावत गेली आणि हिरमुसली होऊन परत आली. "आजी, तुझा आकडा चुकला. मला ४६च लागली."

"बराबर हाय," जिजी म्हणाल्या. "तुह्ये पाय लांब हायेत. तू ४६ ध्यानात ठेव."